सुदानची बातमी कुठे मिळते?



दुबईहून कोलकाता जेवढे दूर आहे, त्यापेक्षा खार्टूम जवळ आहे. नकाशा काढून पाहा. तरीही आपल्या मंडळाच्या कोणत्याही कार्यक्रमात चहाच्या टेबलावर "सुदानमध्ये कोण कोणाशी लढते आहे?" असा प्रश्न टाकला, तर उत्तर देणारे दहात दोन सापडणार नाहीत. गाझावर आपण वाद घालतो, युक्रेनवर घालतो, अमेरिकेच्या निवडणुकीतल्या एकेका राज्याचे आकडे आपल्याला पाठ असतात. पण १५ एप्रिल २०२३ रोजी सुदानमध्ये सुरू झालेल्या युद्धाने एक कोटीहून जास्त माणसांना घराबाहेर काढले. विस्थापनाचे जगातले सर्वांत मोठे संकट असे संयुक्त राष्ट्रांनी ज्याला म्हटले, त्याबद्दल आपल्याकडे "तिकडे काहीतरी चालू आहे" यापलीकडे माहिती नसते.

आपण निष्ठुर आहोत असे मला म्हणायचे नाही. माझा मुद्दा साधा आहे. सुदानची बातमी उपलब्ध आहे, चांगली आहे आणि बरीचशी फुकट आहे. फक्त ती आपल्या दारात कोणी आणून टाकत नाही, आपल्याला तिच्याकडे चालत जावे लागते. आणि जगातल्या इतर मराठी माणसांपेक्षा संयुक्त अरब अमिरातीत राहणाऱ्या आपल्यावर ही जबाबदारी थोडी जास्त आहे.

हा विषय आपला कसा?

आधी थोडा इतिहास. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची घुमटाची मुख्य इमारत आपल्यापैकी अनेकांनी पाहिली आहे. तिचे नाव सुदान ब्लॉक. दुसऱ्या महायुद्धात पूर्व आफ्रिकेच्या आघाडीवर लढलेल्या भारतीय सैनिकांच्या स्मरणार्थ सुदानकडून एक लाख पौंड मिळाले होते. फाळणीनंतर त्यातले ७० हजार भारताच्या वाट्याला आले आणि ते या प्रबोधिनीसाठी वापरले गेले. दुसरा धागा निवडणुकीचा. सुदानची पहिली संसदीय निवडणूक १९५३ साली झाली, तिच्या देखरेखीच्या आयोगाचे अध्यक्ष आपले पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन होते. पुढे पुण्याच्या महाविद्यालयांतून सुदानी विद्यार्थ्यांच्या कित्येक तुकड्या शिकून गेल्या. ज्यांनी फर्ग्युसन रस्त्यावर किंवा कोंढव्यात दिवस काढले आहेत त्यांना हे वेगळे सांगायला नको.

दुसरी गोष्ट माणसांची. आज आपण ज्या शहरांत राहतो ती उभी करण्यात सुदानी माणसांचा वाटा मोठा आहे. दुबई नगरपालिकेचा कारभार १९६० च्या दशकापासून ज्यांनी दीर्घकाळ पाहिला ते कमाल हमझा सुदानी होते. शाळा, इस्पितळे, न्यायालये, सर्वेक्षण खाती, कुठेही जा, पांढरी पगडी बांधलेला किंवा न बांधलेला एखादा सुदानी सहकारी भेटतोच. आपल्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या माणसाचे गाव जळते आहे आणि आपल्याला गावाचे नाव माहीत नाही, ही परिस्थिती मला तरी बरी वाटत नाही.

तिसरी गोष्ट सोन्याची, आणि इथे जरा थांबायला हवे. स्विसएड या स्वित्झर्लंडमधल्या संस्थेने मे २०२४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यानुसार २०२२ या एका वर्षात आफ्रिकेतून ४३५ टन सोने कोणत्याही सरकारी नोंदीशिवाय बाहेर गेले आणि त्यातले बहुतांश यूएईत आले. सुदान हा आफ्रिकेतल्या मोठ्या सोने उत्पादकांपैकी एक. युद्धाचा खर्च दोन्ही बाजू सोन्यातून काढतात, हे संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांपासून स्वतंत्र संशोधकांपर्यंत सगळ्यांनी नोंदवले आहे. दुसऱ्या टोकाला आपण आहोत. यूएई हा भारताला सोने पुरवणाऱ्या प्रमुख देशांपैकी एक आहे. मे २०२२ पासून लागू झालेल्या भारत-यूएई व्यापार करारात टप्प्याटप्प्याने वर्षाला २०० टनांपर्यंत सोने सवलतीच्या शुल्कात नेण्याची सोय आहे. तुमच्या पाटल्यांत दारफूरचे सोने आहे असे मी म्हणत नाही. ते कोणीच सांगू शकत नाही, कारण वितळलेल्या सोन्याला गाव नसते. यूएईनेही अलीकडच्या वर्षांत शुद्धीकरण कारखान्यांसाठी सोन्याचा उगम तपासण्याचे नियम केले आहेत, हेही नमूद केले पाहिजे. पण अक्षय्य तृतीयेला देऱ्याच्या सोनेबाजारात रांग लावणाऱ्या समाजाला सुदान हा "परका" विषय आहे असे म्हणता येणार नाही.

बातमी आपल्यापर्यंत का पोचत नाही?

कारणे चार आहेत.

पहिले कारण खुद्द सुदानमधले. युद्धाच्या पहिल्या काही दिवसांतच खार्टूममधली बहुतेक वृत्तपत्रे आणि वाहिन्यांची कार्यालये बंद पडली. पत्रकार मारले गेले, पकडले गेले किंवा कैरो, नैरोबी, कंपाला इथे निघून गेले. फेब्रुवारी २०२४ मध्ये जवळजवळ संपूर्ण देशाचे इंटरनेट आणि फोन बंद झाले होते. २६ ऑक्टोबर २०२५ रोजी अल-फाशर हे उत्तर दारफूरचे मुख्य शहर निमलष्करी आरएसएफच्या हाती पडले. त्याच दिवशी तिथून बातम्या देणारे मुअम्मर इब्राहिम हे पत्रकार आरएसएफच्या ताब्यात सापडले. बातमी पाठवणारी माणसेच जेव्हा अशी उचलली जातात तेव्हा बातमी पातळ होणारच.

दुसरे कारण भारतीय माध्यमांची मोजपट्टी. एप्रिल २०२३ मध्ये सुदान आपल्या सर्व वाहिन्यांवर होते, कारण तिथे भारतीय अडकले होते. "ऑपरेशन कावेरी"त ३,८६२ जणांना बाहेर काढले गेले. हवाई दलाने वादी सय्यिदनाच्या खराब धावपट्टीवर रात्रीच्या अंधारात विमान उतरवले, ते कौतुक रास्तच होते. कर्नाटकातले हक्कीपिक्की समाजाचे लोक अल-फाशरमध्ये अडकले होते, त्यावरून कर्नाटकच्या निवडणुकीच्या तोंडावर राजकारणही झाले. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात शेवटचे विमान आले आणि त्याबरोबर सुदान आपल्या पानांवरून गेले. ज्या अल-फाशरचे नाव आपण तेव्हा ऐकले, त्याच शहराला पुढे दीड वर्ष वेढा पडला. तेव्हा मात्र तिथे "आपले" कोणी उरले नव्हते.

तिसरे कारण आपण राहतो त्या देशाचे. मी हे यूएईत बसून लिहिते आहे, त्यामुळे शब्द मोजून लिहिते. या युद्धात यूएईने आरएसएफला शस्त्रे पुरवली असा आरोप सुदानी लष्कराने केला. चाडमधल्या अमजरास विमानतळामार्गे अशी मदत गेल्याचे आरोप विश्वासार्ह वाटतात, असे संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ मंडळाने जानेवारी २०२४ च्या अहवालात लिहिले. यूएईने हे सातत्याने आणि ठामपणे नाकारले आहे. अमजरासला आपण इस्पितळ उभारले आणि विमाने मदतीची होती, असे यूएईचे म्हणणे आहे. मे २०२५ मध्ये सुदानने यूएईशी राजनैतिक संबंध तोडले. ज्या देशाच्या सरकारचे नाव वादात आहे, त्या देशातली दैनिके त्या वादाची बातमी कशी देतील हे सांगायला पत्रकारितेची पदवी लागत नाही. मदत पाठवल्याची बातमी पहिल्या पानावर येते, आरोपाची आली तर खंडनासकट येते. यात आश्चर्य नाही आणि आपण फार नाक मुरडू नये. माध्यमस्वातंत्र्याच्या जागतिक यादीत २०२५ साली भारत १८० देशांत १५१ वा होता.

चौथे कारण आपण स्वतः. आपली बातमी आता व्हॉट्सॲपवर येते, आणि व्हॉट्सॲपवर तेच येते जे आपल्यासारख्याच कोणीतरी पाठवलेले असते. आपल्या गटांत सुदानी माणूस नाही, म्हणून सुदानही नाही.

मग वाचायचे कुठे?

गेली तीन वर्षे मी जे वाचत आले त्यातले मला उपयोगी वाटलेले सांगते. क्रम महत्त्वाचा आहे. आधी सुदानी लोकांनी स्वतः दिलेली बातमी, मग कागदपत्रे, मग बाहेरची माध्यमे. आपण नेहमी उलटे करतो.

पहिले नाव रेडिओ डबंगा. डबंगा म्हणजे दारफूरमध्ये धान्य साठवायची मातीची मोठी कणगी. नाव ऐकूनच मला हे केंद्र आवडले! २००८ पासून नेदरलँड्समधून सुदानी पत्रकार ते चालवतात. लघुलहरींवर प्रसारण होते आणि संकेतस्थळावर अरबी व इंग्रजीत बातम्या मिळतात. त्यांची ताकद म्हणजे गावोगावचे बातमीदार. कुठल्या बाजारात ज्वारीचे पोते कितीला गेले, कुठल्या छावणीत पटकीची साथ आली, कुठल्या विहिरीवर भांडण झाले हे तिथेच कळते. आपल्या जिल्हा दैनिकासारखी ही बातमी असते, आणि युद्ध समजायला हीच लागते. २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत कापली तेव्हा त्याची झळ डबंगालाही बसली. स्वतंत्र बातमी किती नाजूक दोऱ्यावर लटकलेली असते ते यावरून दिसते.

दुसरे, सुदान ट्रिब्यून. २००३ पासून पॅरिसमधून चालणारे इंग्रजी-अरबी संकेतस्थळ. राजकारण, वाटाघाटी, कोण मंत्री झाला, कोणती तुकडी कुठे सरकली यासाठी उत्तम. तिसरे, अयिन नावाचा सुदानी पत्रकारांचा गट. रोजची धावपळ नाही, पण एखादा विषय घेऊन खोलवर जातात आणि चित्रफिती उत्तम असतात. वेळ कमी असेल तर आठवड्यातून एकदा अयिन पाहा.

चौथे, बीबीसीची अरबी सेवा. इथे एक विचित्र योगायोग आहे. ८५ वर्षे चाललेला बीबीसी अरबी रेडिओ पैशांअभावी जानेवारी २०२३ मध्ये बंद झाला. तीन महिन्यांनी सुदानमध्ये युद्ध पेटले. मग मे महिन्यात सुदानसाठी लघुलहरींवर तातडीची सेवा सुरू करावी लागली. इंटरनेट मेले की जुना रेडिओच कामाला येतो, हे ज्यांना "आता रेडिओ कोण ऐकतो" असे वाटते त्यांनी लक्षात ठेवावे.

यानंतर कागदपत्रे. ती कंटाळवाणी वाटतात, पण आपण मंडळी अभियंते, डॉक्टर, हिशेबतपासनीस. कंटाळवाणे अहवाल वाचणे हेच तर आपले पोट आहे! अन्नटंचाईचे मोजमाप करणारी आयपीसी नावाची आंतरराष्ट्रीय यंत्रणा आहे. दुष्काळ हा शब्द ती सहजासहजी वापरत नाही, त्याचे काटेकोर निकष आहेत. तिच्या परीक्षण समितीने ऑगस्ट २०२४ मध्ये अल-फाशरजवळच्या झमझम छावणीत दुष्काळ असल्याचे जाहीर केले, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये अल-फाशर व कादुग्ली या शहरांतही. दुसरे म्हणजे अमेरिकेतल्या येल विद्यापीठाची मानवतावादी संशोधन प्रयोगशाळा. ती उपग्रहचित्रांवरून जळालेली घरे, नव्याने खोदलेली माती, शहराभोवती उभारलेला बांध हे मोजते. जिथे पत्रकार जाऊ शकत नाही तिथे उपग्रह जातो. अल-फाशर पडल्यावरच्या हत्याकांडाचे पहिले स्वतंत्र पुरावे असेच मिळाले. संयुक्त राष्ट्रांच्या मदत समन्वय कार्यालयाचे आकडेही नियमित निघतात आणि सर्वांना खुले असतात.

शेवटी मोठ्या वाहिन्या. अल जझीरा, अल अरबिया, स्काय न्यूज अरेबिया या सर्वांकडे साधने भरपूर आहेत आणि त्यांचे काम पाहण्यासारखे असते. पण पहिली कतारची, दुसरी सौदी, तिसरी अबू धाबीची. तिन्ही सरकारांचे सुदानमध्ये हितसंबंध आहेत. एप्रिल २०२४ मध्ये लष्कराच्या बाजूच्या सुदान सरकारने यांतल्या शेवटच्या दोन वाहिन्यांचे काम स्थगित केले होते. एकच घटना तिघांकडे पाहावी. तिघांत जे समान आहे ते बहुधा घडलेले असते, आणि जे एकानेच सांगितले किंवा एकानेच गाळले ते पाहून वाहिनीची ओळख पटते.

वाचायचे कसे?

काही व्यवहारातल्या सूचना.

एक, नावांची स्पेलिंगे. अल-फाशर इंग्रजीत चार-पाच प्रकारे लिहितात, अल-जनैनाचे तसेच, हेमेदतीचेही तसेच. एकाच स्पेलिंगने शोधले तर निम्मी बातमी दिसत नाही. सगळ्यांत सोपे म्हणजे अरबी नाव चिकटवून शोधावे आणि यंत्राकडून भाषांतर करून घ्यावे. वीस वर्षे इथे राहूनही आपल्याला अरबी येत नाही हा आपला जुना रोग, पण निदान यंत्राने तो थोडा सुसह्य केला आहे.

दोन, सुदान आणि दक्षिण सुदान हे ९ जुलै २०११ पासून वेगळे देश आहेत. शोधात दोन्ही मिसळून येतात. जुबा दिसले की दक्षिण समजावे.

तीन, शब्द पाहावेत. जी बातमी आरएसएफला सतत "मिलिशिया" किंवा "जंजावीद" म्हणते, ती बहुधा लष्कराकडे झुकलेली असते. जी लष्कराला "फुलूल" म्हणजे जुन्या राजवटीचे उरलेसुरले, किंवा "कीझान" म्हणते, ती आरएसएफकडे झुकलेली असण्याची शक्यता जास्त. पण हे शब्द लोकशाहीवादी नागरिकही वापरतात, म्हणून एका शब्दावर निकाल देऊ नये. "तुकडे तुकडे" किंवा "अंधभक्त" हा शब्द वाचल्यावर आपल्याला लेखकाचा पत्ता लागतो ना, तसेच हे.

चार, चित्रांबाबत सावध राहावे. अल-फाशर पडल्यावर खऱ्या पुराव्यांबरोबर संगणकाने बनवलेली खोटी चित्रेही जगभर फिरली. खोट्या चित्राचा सर्वांत मोठा फायदा मारेकऱ्यांना होतो, कारण मग खऱ्यालाही खोटे म्हणता येते.

पाच, आणि हे आपल्या सोयीचे नाही. दोन्ही बाजूंचे गुन्हे वाचावेत. अल-जनैना शहरात २०२३ साली आरएसएफ आणि सहकारी टोळ्यांनी दहा ते पंधरा हजार माणसे मारली असावीत असा अंदाज संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांच्या अहवालात आहे. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने आरएसएफने वंशसंहार केल्याचे जाहीर केले आणि हेमेदतीवर निर्बंध घातले. त्याच महिन्यात लष्करप्रमुख बुऱ्हान यांच्यावरही निर्बंध आले. मार्च २०२५ मध्ये दारफूरमधल्या तोरा गावच्या भर बाजारावर लष्कराच्या विमानांनी बाँब टाकले. गुन्हे सारखे आहेत असे नव्हे, पण एका बाजूला मुक्तिदाता ठरवायची घाई आपण पुरोगामी मंडळीच जास्त करतो.

एक उदाहरण

स्रोत बदलला की बातमी कशी बदलते ते पाहा. ५ मार्च २०२५ रोजी सुदानने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात यूएईविरुद्ध दावा दाखल केला. मसालित समाजाच्या वंशसंहारात यूएई सहभागी असल्याचा आरोप त्यात होता. ५ मे रोजी न्यायालयाने दावा यादीतून काढून टाकला. यूएईने सांगितले की दावा निराधार होता हेच यातून सिद्ध झाले. सुदानच्या बाजूने सांगण्यात आले की हा केवळ तांत्रिक मुद्दा आहे. एक बातमी वाचणारा एक निष्कर्ष काढील, दुसरी वाचणारा दुसरा.

आता मूळ आदेश पाहू. तो न्यायालयाच्या संकेतस्थळावर आहे आणि चहा संपेपर्यंत वाचून होतो. वंशसंहारविरोधी करारात सहभागी होताना यूएईने त्यातल्या नवव्या कलमाला अपवाद नोंदवला होता. या कलमानेच न्यायालयाला असे वाद ऐकण्याचा अधिकार मिळतो. म्हणून आपल्याला अधिकारक्षेत्रच नाही, असे न्यायालयाने म्हटले. दावा यादीतून काढण्याचा निर्णय नऊ विरुद्ध सात मतांनी झाला. म्हणजे आरोप खरे की खोटे हे न्यायालयाने तपासलेच नाही. सुदानचा आरोप सिद्ध झाला नाही हे खरे, आणि तो खोटा ठरला नाही हेही तितकेच खरे. दोन्ही वाक्ये एकत्र सांगणारी बातमी शोधावी लागते. मला वाटते, वाचक म्हणून आपले कामच हे आहे.

"पण आपल्याला काय करायचे आहे?"

हा आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे, आणि तो हलका नाही. आपण इथे पाहुणे आहोत. व्हिसा नोकरीशी बांधलेला आहे, मुले शाळेत आहेत, गावाकडे कर्जाचे हप्ते आहेत. २०२१ चा ३४ क्रमांकाचा संघराज्य कायदा जानेवारी २०२२ पासून लागू आहे. खोटी बातमी किंवा अफवा पसरवल्यास किमान एक वर्ष कैद आणि एक लाख दिरहम दंड अशी त्यात तरतूद आहे. संदेश पुढे ढकलणाराही त्यात अडकू शकतो. परवानगीशिवाय देणग्या गोळा करण्यालाही इथे बंदी आहे. तेव्हा कोणी शौर्य दाखवावे असे मी सुचवत नाही. दुसऱ्याच्या नोकरीवर शूर होणे सोपे असते.

पण वाचणे आणि पुढे ढकलणे यांत फरक आहे, आणि न बोलणे आणि माहीत नसणे यांतही आहे. गप्प बसावे लागते म्हणून आपण माहीत करून घेणेही सोडून देतो, तेव्हा आपले स्वतःचेच काहीतरी कमी होते. शिवाय आपण सगळे कायम इथे राहणार नाही. भारतात मत देताना, नातेवाइकांशी बोलताना, मराठीत लिहिताना हे ज्ञान आपल्याबरोबर असेल. मराठीत सुदानवर लिहिणारा माणूस जर कुठून यायचा असेल, तर तो यूएईतून किंवा सौदीतून येईल, सदाशिव पेठेतून नव्हे.

आणखी एक गोष्ट. सुदानची बातमी म्हणजे फक्त मृत्यूची बातमी नव्हे. डिसेंबर २०१८ पासून सामान्य सुदानी माणसांनी रस्त्यावर उतरून तीस वर्षांची बशीर यांची राजवट एप्रिल २०१९ मध्ये घालवली. ऑक्टोबर २०२१ मध्ये सेनापतींनी सत्ता बळकावली, तरी मोहल्ल्यामोहल्ल्यातल्या प्रतिकार समित्या टिकल्या. युद्ध आल्यावर त्यांतूनच "आपत्कालीन प्रतिसाद कक्ष" उभे राहिले. सामुदायिक स्वयंपाकघरे, जखमींना हलवणे, पाण्याचे पंप दुरुस्त करणे हे काम तरुण मुलेमुली स्वतः करतात. २०२५ चा राइट लाइव्हलीहुड पुरस्कार त्यांना मिळाला. आपल्या किती पुरोगामी व्यासपीठांवर त्याची टाळी वाजली? बाहेरच्या सत्तांचे डावपेच मोजण्यात आपण इतके गुंततो की सुदानी माणूस आपल्या विश्लेषणातही प्यादेच उरतो.

काय करता येईल?

माझ्या सूचना लहान आहेत. आठवड्यातून वीस मिनिटे सुदानसाठी राखून ठेवावीत: एक सुदानी स्रोत, एक कागदपत्र, एक मोठी वाहिनी. तीन महिन्यांत नावे, गावे, नद्या ओळखीच्या होतात आणि मग बातमी आपोआप दिसू लागते. सोने घेताना दुकानदाराला "हे कुठले?" असे विचारावे. उत्तर मिळणार नाही, पण हजार गिऱ्हाइकांनी विचारले तर प्रश्न तरी रुजेल. ज्यांना लिहिता येते त्यांनी महिन्यातून एक पान मराठीत लिहावे, आणि ते यूएईबाहेर राहणाऱ्या मित्रांनी छापावे.

आणि शेजारच्या टेबलावरच्या माणसाला विचारावे. आमच्या कार्यालयातले एक सुदानी सर्व्हेअर मला "बाशमुहंदिसा" म्हणून हाक मारतात. त्यांच्या बहिणीच्या गावात नेटवर्क नाही. तासावर पैसे घेणाऱ्या स्टारलिंकच्या दुकानात ती पंधरा दिवसांतून एकदा जाते आणि आवाजी निरोप पाठवते. पहिली दोन वर्षे मी त्यांना फक्त "घरी सगळे ठीक?" असे विचारत असे आणि ते "अल-हम्दुलिल्लाह" म्हणत. मग मी एकदा गावाचे नाव घेऊन विचारले, कारण आदल्या रात्री डबंगावर त्या गावाच्या बाजाराची बातमी वाचली होती. त्यांनी हातातले काम बाजूला ठेवले, खुर्ची ओढली आणि तासभर बोलले. त्यांनी जे सांगितले त्यातले बरेचसे कोणत्याही संकेतस्थळावर नव्हते.

राजकारण बोलायचे की नाही हे त्यांचे त्यांना ठरवू द्यावे. आपण फक्त गावाचे नाव माहीत करून घेऊन जावे.